तळहात दिसल्याशिवाय

बाय, मला तुझा राग आलाय. गेलेल्या माणसाशी गोड बोलायचं असतं म्हणतात. मला ते जमायचं नाही, आणि मी गोड बोललो तर तूच आईला विचारशील, दादूस आजारी पडला काय गं?

बाराव्याला तुझ्या कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या. आईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "वनिता मॅडम किती शांत होत्या हो." आई त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली. शांत? आपली बाय? भिवंडीत, कामतघरच्या लूमच्या खडखडाटात वाढलेली पोरगी शांत कुठून होणार? तू फोनवर बोलायला लागलीस की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवायचे. होस्टेलला गेलीस तेव्हा तुझ्या खोलीतल्या मुलींना वाटलं होतं, ही सारखी भांडतेय. तू फक्त साबण मागत होतीस. आपल्या घरात सगळेच ओरडून बोलतात, लूम बंद असले तरी. मी त्या बाईंना हे सांगणार होतो, पण आईनं डोळ्यांनी दटावलं.

पाऊस सरत आला होता. तू खाडीवरून भिजून आलीस, अंग कसकसतंय म्हणालीस. आई म्हणाली काढा घे, मी म्हणालो गोळी घे. तू दोन्ही घेतलंस आणि लॅपटॉप उघडून बसलीस, कारण समुद्रातल्या पवनचक्क्यांची सरकारी सुनावणी तोंडावर आली होती आणि तिथं तू बोलणार होतीस. मग तो ताप छातीत उतरला. ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं, मशिनं लावली, आणि तिथून तुला घरी आणायचं राहूनच गेलं. तू गेलीस याचं दुःख आहेच गं. पण सुनावणी अर्धवट टाकून गेलीस, त्याची आग वेगळी आहे. दोन्ही एकदम सोसवत नाही मला.

आपल्या शेडची रीत तुला नव्यानं काय सांगायची! पण सांगतो, कारण माझं सगळं घोडं तिथंच अडलंय.

आबांच्या वेळी एकाच मोठ्या मोटरवर पट्ट्यांनी सगळी रांग फिरायची. लाईट गेली की कारागीर आपापल्या लूममध्ये हात घालायचे. कुणी तुटलेला धागा जोडतोय, कुणी अडकलेला धोटा काढतोय. आणि तेवढ्यात मोटर सुरू झाली तर? आपल्या जन्माच्या आधी एकाची बोटं अशी गेली होती. तेव्हापासून आबांनी नियम घातला. लाईट आली की आधी लोखंडी पाना फ्रेमवर ठणाठणा वाजवायचा. तो ऐकून प्रत्येकानं तळहात वर करायचा, म्हणजे माझा हात बाहेर हाय. मेन स्विचपाशी जो उभा असेल त्यानं एकेका तळहाताकडं बघून मान हलवायची, म्हणजे पाहिला. सगळे पाहून झाले की मगच स्विच वर. आता प्रत्येक लूमला वेगळी मोटर आहे, तरी आपली रीत तीच. शेजारच्या शेडवाले हसतात. "क्या सेठ, रोज शपथ लेते हो क्या?"

आणि तू! दारात सुताच्या गोण्यांवर बसलेली, नाक वाहतंय, फ्रॉकला तेलाचे डाग. तुझा लूमशी काडीचा संबंध नाही, तरी सगळ्यांच्या बरोबरीनं तुझा तळहात वर. आबा सगळी रांग बघून झाली की शेवटी दाराकडं बघायचे, तुला मान हलवायचे आणि मग स्विच ओढायचे. पुढं आबा गेले, बापाच्या जागी स्विचपाशी मी उभा राहायला लागलो. तू शिकलीस, नावापुढं डॉक्टर लागलं. पण घरी असलीस आणि लाईट गेली की तू दारात हजर, हात वर.

"काय गं डॉक्टरीण, तुझी बोटं कशात अडकलीत?" मी विचारायचो.

"बघितल्याबिगर चालू करायचं न्हाय, दादूस. मान हलव आधी."

मी मान हलवायचो. मग स्विच वर. जमालचाचा म्हणायचे, "बाय का हाथ आखिरी, फिर बिजली." ते आपले जॉबर, लूम बिघडला की दुरुस्त करणारे. तुला खांद्यावर घेऊन नारपोलीच्या जत्रेला नेलेला माणूस. तू गेल्याचं कळलं तेव्हा ते रडले नाहीत. बंद लूमवरची धूळ पुसत बसले. पुसलेला लूम परत पुसत होते.

तुझं काम मला बरीच वर्षं कळलंच नाही. समुद्रात बोट घेऊन जायचं, पाण्यात माईक सोडायचा आणि आवाज टिपायचे. मी लोकांना सांगायचो, आमचं अख्खं घर आवाजानं बहिरं होत चाललंय आणि आमच्या बायला पगार मिळतो तो ऐकण्याचा. तू हसायचीस. म्हणायचीस, "समुद्र मुका हाय असं तुम्हाला वाटतं, दादूस. तिथं आपल्या शेडपेक्षा जास्त बोलणं चालतं."

मागच्या गणपतीत मोदक वळून झाल्यावर तू माझ्या कानाला ते मोठे हेडफोन लावलेस. "ऐक. गाद्याचं पिल्लू हाय." गादा म्हणजे डॉल्फिन, हे तरी मला ठाऊक होतं, आपले खाडीतले लोक तेच म्हणतात. "आई लांब गेलीय आणि ते शीळ घालून तिला बोलावतंय. ऐकलंस?"

मी डोळे मिटून ऐकलं. घरघर घरघर, दुसरं काही नाही.

"बोटीचं इंजिन हाय," मी म्हणालो.

"मस्करी नको ना, दादूस."

"अगं देवाशप्पथ, इंजिनच हाय."

तू परत लावलंस. मग आवाज वाढवून लावलंस. मग जमालचाचांच्या कानाला लावलंस, ते आरतीला आले होते. ते बराच वेळ ऐकून म्हणाले, "मोटर है, बेटा. बेअरिंग घिस गया है उसका." मला हसू फुटलं. तेवढ्यात आतून आई आली, हात पुसत म्हणाली, "कुठं पाखरू बोलतंय गं?" हेडफोन टेबलावर पडलेले, ती तीन हात लांब, लूमवर कधी काम न केलेली. तिला ऐकू आलं. आम्हा दोघांना कानाला लावून ऐकू आलं नाही.

तुझे डोळे भरले तेव्हा मला वाटलं माझ्यासाठी भरले. होतेच थोडे माझ्यासाठी. पण तू म्हणालीस, "पिल्लाचं असंच होतं रे. आई हाक मारत असते आणि त्याला नुसती मोटर ऐकू येते." मग मोदक खायलासुद्धा बसली नाहीस. मी चिडलो. सणाच्या दिवशी माशासाठी रडतं का कुणी?

"मासा न्हाय तो. अंगावर दूध पाजतो."

"बरं बाई, म्हैस म्हण."

तेव्हापासून आपलं ते भांडण सुरू झालं आणि ते काही मिटलं नाही. पवनचक्क्यांचं. मी त्यांच्या बाजूचा, आजही आहे. भिवंडीत लूम चालवणाऱ्याला विजेबद्दल कुणी शहाणपण शिकवू नये. भर शिफ्टमध्ये लाईट जाते, कारागीर बाहेर बिड्या ओढत बसतात, बीमवरचं सूत अर्धं, माल अर्धा. कोळसा जाळा तर धूर. धरण बांधा तर आपल्याच डोंगरातल्या वारली-कातकऱ्यांची घरं पाण्यात. मग समुद्रातला वारा फुकट वाहतोय तर लावा की चक्क्या! कुणाच्या बापाचं काय जातंय?

तुला वाटायचं मला समजत नाही. मला वाटायचं तुला आपलं पोट कशावर चाललं ते आठवत नाही. कानामागून आली आणि तिखट झाली, असं मी आईला म्हणालो होतो, तू ऐकलंस. चार दिवस अबोला धरलास. मग वज्रेश्वरीला जाऊन आलीस आणि येताना माझ्यासाठी गणेशपुरीच्या बाजारातली काकडी आणलीस. अबोला मोडायची ही तुझी पद्धत. काकडी चिरता चिरता म्हणालीस, "मी चक्क्यांच्या विरोधात न्हाय, दादूस. हे एकदा नीट ऐक."

त्या दिवशी ऐकलं मी. तू म्हणालीस, चक्की उभी राहिली, फिरायला लागली, की फार त्रास नाही. उलट खांबांना शिंपल्या धरतात, शेवाळ धरतं, मासे आसऱ्याला येतात. पक्ष्यांचं बघावं लागेल, वाटेत येतात ते, पण त्यावरही इलाज असतात. खरी भीती खांब ठोकण्याची. एवढाले लोखंडी खांब, समुद्राच्या तळात हातोड्यानं ठोकायचे. पाण्यात आवाज हवेपेक्षा जोरात धावतो, लांब जातो. गादा डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघतो. गढूळ पाण्यात त्याचं खाणं, वाट, पिल्लू, सगळं कानावर. पहिला घाव पडला तेव्हा जो जवळ असेल त्याचे कान गेले. आणि कान गेलेला गादा म्हणजे आंधळा गादा.

"मग ठोकूच नको म्हणतेस?"

"ठोका. पण आधी बघा. जवळ कोण हाय ते माईक टाकून ऐका. पिल्लांच्या दिवसांत हात लावू नका. खांबाभोवती हवेच्या बुडबुड्यांची भिंत करतात, आवाज दबतो, ती करा. आणि पहिला घाव पूर्ण ताकदीनं घालू नका. हळू ठोका, थांबा, परत हळू ठोका. त्यांना निघून जायला वेळ द्या." मग माझ्याकडं बघून म्हणालीस, "पाना वाजवा, एवढंच. आबा वाजवायचे तसा."

माझ्या हातातली काकडी तशीच राहिली. मला तेव्हा कळलं की दारात बसलेली ती पोरगी नुसती खेळत नव्हती. आबांनी एका माणसाच्या बोटांसाठी केलेला नियम तू उचलून समुद्रात नेलास. शाब्बास म्हणायला काय झालं होतं माझ्या जिभेला, कुणास ठाऊक. आपल्या घरात ओरडणं सोपं आणि शाब्बास अवघड.

वर तू माझ्या मागं लागलीस, कान तपासून घे. कानात घालायच्या त्या पिवळ्या बुचांचा डबा आणलास सगळ्या कारागिरांसाठी. मी म्हणालो, बुचं घातली तर धागा तुटल्याचं कळणार कसं? लूमवाला कानानं लूम चालवतो, आवाज बदलला की हात आपोआप जातो. तू कपाळावर हात मारलास. "अरे, गाद्याचं तेच मी त्या चक्कीवाल्यांना सांगतेय!" मग आपण दोघंही हसलो. डबा अजून कपाटात आहे. परवा उघडला. एक बूच कानात घालून बघितलं, आणि घरात तसंही कुणी बोलत नव्हतं.

आता हॉस्पिटल.

हे मी जमालचाचांशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. दुपारची वेळ होती, मला आत सोडलं. तुझ्या तोंडावर मास्क. बाजूला मशीन सूं-सूं करतंय. तू डोळे उघडलेस, मला बघितलंस आणि काहीतरी बोललीस. बाय, मी शेडच्या ह्या टोकाहून त्या टोकाच्या माणसाचे ओठ वाचतो. आपण सगळेच वाचतो, लूमवर दुसरं काय करणार? कुणाला चहा पाहिजे, कुणाची ड्युटी संपली, सगळं ओठांवरून. पण तुझ्या मास्कवर वाफ धरली होती. मला तुझे ओठ दिसेनात. मी वाकलो, म्हणालो, परत बोल. तू परत बोललीस. वाफेत काहीतरी हललं फक्त.

मग तू हात वर केलास. सुई टोचलेला, पट्ट्या चिकटवलेला हात. तळहात माझ्याकडं.

आणि मी मान हलवली.

कशाला हलवली? सवयीनं गं! जन्माची सवय! तळहात दिसला की मान हलते माझी, डोक्याला विचारून हलत नाही. तू माझी मान बघितलीस. हात खाली ठेवलास. डोळे मिटलेस. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले.

त्यांना मी विचारलं नाही, काय विचारणार? मी मान हलवली म्हणून ती गेली का, असं? ते म्हणाले असते, ह्यांना जरा पाणी द्या. त्यांनी सांगितलं की फुफ्फुसं राहिलीच नव्हती, कुणी काही करू शकलं नसतं. असेल. डॉक्टरांचं खरं असेल. पण बाय, आपल्या शेडमध्ये त्या मान हलवण्याचा अर्थ एकच, आणि तो तुलाही ठाऊक आणि मलाही. माझा हात बाहेर हाय, कर चालू. पाहिला, करतो चालू. तू निघायची परवानगी मागत होतीस आणि मी देऊन मोकळा झालो. तो हात मी धरायचा होता. खाली दाबून धरायचा होता. म्हणायचं होतं, न्हाय दिसत मला तुझा हात, काय करशील? आधी सुनावणीला बोल, मग बघू. अख्खं आयुष्य तुझ्याशी भांडलो आणि जिथं भांडायचं तिथं मुकाट मान हलवली.

हे घेऊन मी कुठं जाऊ, सांग ना. देवळात जाऊन आलो. तळ्याच्या काठी बसून आलो. ताटावर बसलो की तो पट्ट्या लावलेला हात समोर येतो. आई म्हणते, "जेव रं बाबा, तू तरी जेव." मी जेवतो, पण कशाला तेच कळत नाही.

तुझ्या दहाव्याच्या आधी सुनावणी आली. मी शर्ट घातला. आई दारात आडवी आली. "सुतकात कुठं निघालास? लोक काय म्हणतील?"

"बायचं बोलायचं राहिलंय, ते बोलून येतो."

"तुला ऐकू येत न्हाय, तू काय बोलणार?"

आईचं काही चुकलं नव्हतं. पण मग ती बाजूला झाली. तुझा फोन, ज्यात ते पिल्लू टिपलेलं होतं, आत जाऊन घेऊन आली आणि माझ्या खिशात घातला.

हॉल भरलेला होता. पुढं टेबलाशी साहेब लोक, बाजूला कोळी-मांगेले मच्छीमार, मागं चक्क्यांच्या कंपनीची माणसं निळ्या टोप्या घालून. तुझं नाव पुकारलं. मी उठलो आणि म्हणालो, ती वारली, मी तिचा भाऊ. हॉल गप्प झाला असावा. असावा म्हणतो, कारण त्या पंख्यांच्या आणि माइकच्या घरघरीत मला काही कळत नव्हतं.

मी आधी तुझा आवाज लावला. म्हणजे पिल्लाचा. फोन माइकला टेकवला आणि बटण दाबलं. आता माझी पंचाईत बघ. वाजतंय की नाही, मला कळायला मार्ग नाही! मी माणसांच्या तोंडाकडं बघत उभा राहिलो. पहिल्या रांगेत एक म्हातारी कोळीण होती, डोक्यात अबोलीचा गजरा. तिनं एकदम मान वर केली, छताकडं बघितलं, आई त्या दिवशी पाखरू शोधत होती तशी. मग बाजूचीला कोपरानं ढोसलं. तिच्या ओठांवरून मी वाचलं, "लेकरू हाय गो." तेव्हा कळलं, वाजतंय. तुझं पिल्लू त्या हॉलमध्ये आईला बोलावत होतं, बाय, सगळ्यांना ऐकू जात होतं, आणि फोन धरून उभा असलेला मी एकटा बहिरा. ती म्हातारी डोळ्यांना पदर लावेपर्यंत मी फोन हलवला नाही. संपलं कधी तेही मला कळलं नाही.

मग बोललो. तुझ्यासारखं आलं नाही मला. चक्क्या लावा म्हणालो, मी लूमवाला आहे, मला वीज पाहिजे. पण खांब ठोकायच्या आधी पाना वाजवा. आणि टेबलावर हातानं ठणाठणा वाजवून दाखवलं, तर एक हवालदार धावत आला. मी म्हणालो, आमच्याकडं हात बाहेर दिसल्याबिगर स्विच वर जात नाही. ह्या गाद्यांना हात नाहीत दाखवायला. म्हणून बघायचं काम तुमचं. मोठे साहेब माझ्याकडं बघत होते आणि मान हलवत होते. एकसारखी हलवत होते.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी ओरडलो, "साहेब, मान हलवताय, तुम्हाला काय दिसलं ते सांगा!"

ते काहीतरी बोलले, माइकमध्ये. मला ऐकू आलं नाही. "काय?" मी विचारलं. परत बोलले. परत आलं नाही. लोक हसले, ते मला दिसलं. मग साहेबांनी माइक बाजूला सारला आणि शेजारच्याकडं वळून हळूच बोलले. ते मात्र मी स्वच्छ वाचलं. म्हणाले, "सूचना नोंदवली म्हणून लिहा आणि पुढचं नाव घ्या."

हवालदारानं माझा दंड धरून मला खाली बसवलं. चांगला होता बिचारा, पाणी आणून दिलं. बाहेर पडताना निळ्या टोपीवाल्यांपैकी एक दुसऱ्याला सांगत होता, चाचणीचे खांब दिवाळीनंतर. तेही ओठांवरूनच कळलं. पिल्लांचे दिवस कोणते ते तू मला सांगितलं होतंस आणि मी विसरलो. तुझ्या मोठमोठ्या फायली आहेत घरात, सगळ्या इंग्रजीत, त्यात असेल. कुणाला विचारू? तू होतीस ना विचारायला.

परतीच्या वाटेवर मला तुझा इतका राग आला होता, बाय, की एसटीत शेजारचा माणूस उठून दुसरीकडं जाऊन बसला. आणि त्याच रागात एकदम आठवलं की माझ्या खिशात तुझा फोन आहे आणि त्यात ते पिल्लू आहे. मला कधी ऐकू येणार नाही, पण आहे. तू मागं ठेवलेल्यातलं तेवढं मी जन्मभर नुसतं सांभाळणार. ह्याबद्दल तुझे उपकार मानायचे का तुला शिव्या द्यायच्या ते मला ठरवता आलं नाही, म्हणून दोन्ही केलं.

बारावं झालं. काल शेड उघडली. सुतकात लूम बंद होते, कारागीर गावाला गेले नव्हते, सगळे थांबले होते. आईनं नारळ दिला. जमालचाचांनी पाना माझ्या हातात दिला. मी फ्रेमवर वाजवला. ठण, ठण, ठण.

तळहात वर झाले. मी एकेकाकडं बघत गेलो आणि मान हलवत गेलो. पहिला, दुसरा, पलीकडच्या रांगेतले, खिडकीपाशी उभे असलेले. पाहिला, पाहिला, पाहिला. रांग संपली आणि माझी मान दाराकडं वळली.

दारात गोण्या होत्या. वर कुणी नव्हतं.

माझा हात स्विचवर होता. तो वर जाईना. सगळे उभेच. पंखेसुद्धा बंद, घाम निथळतोय. जमालचाचा जवळ आले, माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणून म्हणाले, "सेठ, सब का हाथ बाहर है."

"बायचा न्हाय दिसला, चाचा."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "उसका तो आप देख चुके हो, बेटा. अस्पताल में."

पाहिला होता. खरंच पाहिला होता गं मी. पण मान परत हलवायची माझ्यात ताकद नव्हती. मी म्हणालो, "थोडं थांबू या, चाचा. जरा वेळ थांबू या."

चाचांनी मागं वळून सगळ्यांना खूण केली. ती माणसं तशीच उभी राहिली, हात वर करून, तुझ्या रिकाम्या गोणीकडं बघत. हात भरून आले असतील, पण एकानंही खाली घेतला नाही.

तू त्या खांब ठोकणाऱ्यांकडं एवढंच थांबणं मागत होतीस ना, बाय?